किसाबुरोची उरुई

तोमे लग्न होऊन आली त्या पहिल्याच वसंतात तिच्या कानावर सासूसासऱ्यांचं भांडण पडलं. कान टवकारून ऐकायची गरजच नव्हती. घरातली दारं कागदाची, पलीकडे कुणी जांभई दिली की अलीकडच्याला झोप यायची. ती चहाचं तबक घेऊन दाराबाहेर गुडघ्यांवर बसली होती. आत जावं तर पंचाईत, मागं फिरावं तर चहा निवतोय.

"डोंगरातली उरुई परसात आणून लावलीस?" सासरे गरजत होते. "उद्या अस्वल आणून गोठ्यात बांधशील!"

"अस्वलाची भाजी होत नाही, उरुईची होते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पाय मोडून बसलात तर पोरीनं काय शिजवायचं? तुमचा तोरा?"

"आपला किसाबुरो आहे की. त्याला जागा दाखवलीय मी."

"मग सुनेलाही दाखवा."

"सुनेला? आज दाखवली की उद्या तिचं अख्खं माहेर टोपल्या घेऊन हजर! जागा बापाकडून लेकाकडं जाते. बायकांनी जिझोच्या दगडापुढं यायचं नाही. संपलं."

"इतकी वर्षं शिजवतेय मी, कुठं उगवते ते कधी विचारलं नाही. पण उद्या तिथंच कुठं पडलात, तर कुठल्या अंगाला तोंड करून रडायचं एवढं तरी सांगून ठेवा!"

मग सासरे खाकरले, "चहा कुठं राहिला?"

"आणलाच," तोमे म्हणाली. चहा गारढोण झाला होता, पण तो त्या दोघांनी एक शब्द न बोलता प्यायला.

उरुई परसात राहिली. अक्रोडाच्या सावलीत, पाटाच्या कडेला, जिथं दुसरं काही धड येत नव्हतं, तिथं सासूबाईंनी तिचे गड्डे लावले आणि पुढं ती वाफ्यासकट तोमेच्या पदरात पडली. सेन्दाईला राहणारी तोमेची सून चिहारु हिच्याकडं हीच जात कुंडीत आहे, पानांना पांढरा काठ असलेली. ती तिला होस्टा म्हणते आणि नुसती बघते. खात नाही. शहरात बघायलाच माणसं राहतात, त्यांचाही इलाज नाही.

यामागाताच्या त्या डोंगरात मात्र उरुई म्हणजे जीव. चारपाच महिने बर्फाखाली मुळ्याचं लोणचं खाऊन तोंडाची चव गेलेली असते, तेव्हा हे पहिलं हिरवं वर येतं. कोवळी, गुंडाळलेली पानं देठासकट कापायची, उकळत्या पाण्यातून काढायची, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोत आणि व्हिनेगरमध्ये घोळवायची. चावली की कुरकुरते आणि मागून भेंडीसारखी तार सुटते. पानं मोठी झाली की त्यांच्यावर भाताचे गोळे ठेवायचे. कळ्या तळायच्या. उरलेलं वाळवून ठेवायचं.

तोमेचं नाव म्हणजे 'थांब'. आधीच्या मुली पुष्कळ झाल्या म्हणून बापानं देवाला दिलेली ताकीदच ती, कुठं कुठं नकुशी ठेवतात तशी. देव ऐकून थांबला, पण तोमे काही थांबणारी नव्हती. पाच इयत्ताही धड झाल्या नव्हत्या, पण वाफा तिच्या हातात असा आला की सासूबाईंनी पुन्हा त्यात बोट घातलं नाही. पानं पिवळी पडली की गड्डा उकरायचा, फावड्यानं दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला डोळे राहिलेत ना बघायचं. बर्फ विरायच्या सुमाराला वर भाताच्या तुसाचा ढीग ओतायचा. तुसाच्या अंधारातून कोंब पांढरेफेक वर येतात, बाळाच्या बोटांसारखे. गोगलगायींना राखेची रेघ. आणि सगळं कधी कापायचं नाही, थोडं ठेवायचं, नाहीतर गड्डा रुसतो.

"तुझी उरुई म्हणजे दुलईत वाढलेलं सावकाराचं पोर," तिचा नवरा किसाबुरो म्हणायचा. "मऊमऊ. अंगात काही नाही."

"आणि तुमची अगदी तुमच्यासारखी," तोमे म्हणायची. "उकळून उकळून लाकडं संपली तरी शिजायची नाही."

तो स्वतः डोंगरात जायचा. बापानं दाखवलेल्या जागी, एकटा. पहिली कापणी घरी यायची नाही, आधी वाडीतल्या घरांना जायची. जुड्या तो तिथंच, डोंगरातच पेंढ्यानं बांधायचा, आणि घरोघरी पोचेपर्यंत टोपलीला कुणी हात लावायचा नाही. डोंगराच्या देवीनं दिलेलं वाटेत निवडायचं नसतं, हा त्यांच्या घराचा रिवाज. वाडीत त्याच्या जुडीची वाट बघितली जायची. किसाबुरो दारात आला म्हणजे हिवाळा गेला. तो फार बोलणारा गडी नव्हता. लग्नात बोलला नाही, मुलगा झाला तेव्हा बोलला नाही. पण जुडी दोन्ही हातांनी पुढं करताना त्याचा चेहरा असा व्हायचा की तोमेला वाटायचं, याला आयुष्यात जे काही म्हणायचं होतं ते हेच असावं.

मग तो म्हातारा झाला. तीही झाली, पण तिचं नुसतं कंबरेतून वाकण्यावर भागलं. त्याचं आतून सुटायला लागलं. तंबाखूची डबी तांदळाच्या पिंपात सापडली. केव्हाच मेलेल्या कुत्र्याला तो जेवायला हाका मारायचा. तोमे आधी हसायची. "येतोय, येतोय, त्याचे पाय दुखतात आता," म्हणायची. मग हसणं कमी झालं.

पण वसंत आला की त्याच्या पायांना सगळं आठवायचं. टोपली पाठीला, कोयता कमरेला, की निघाला.

त्या वर्षी बर्फ लवकर विरघळलं. किसाबुरो जुड्या वाटून आला आणि उरलेली एक त्यानं ओट्यावर ठेवली. तोमेनं पाणी उकळायला ठेवलं, पेंढा सोडला आणि हात थांबला. उरुईच्या पानाला देठ असतो, मधोमध शीर, आणि तिच्यातून माशाच्या काट्यासारख्या बारक्या शिरा फुटतात. जुडीतल्या दोन पानांना देठच नव्हता. शिरा सगळ्या बुडापासून सरळ वर, आणि पान पंख्यासारखं घड्याघड्यांचं.

बाइकेइ. उरुईच्याच ओलीत, उरुईच्या खांद्याला खांदा लावून उगवतं. उकळलं तरी त्याचं विष जात नाही. आधी जीभ बधिर होते, मग उलट्या, मग हातपाय गार पडतात. त्या डोंगरातल्या पोरांना अक्षरं नंतर शिकवतात, हे आधी. तरी दर वसंतात कुठल्या ना कुठल्या वाडीत कुणीतरी चुकतंच. पण ते कुणीतरी. किसाबुरो नव्हे.

तोमे चुलीवरचं भांडं तसंच टाकून धावली. वरच्या घरी जुडी अजून पाण्यात होती. वाडीच्या टोकाला राहणाऱ्या बहिऱ्या कोहेइनं उद्यासाठी छपराला टांगून ठेवली होती. गिरणीच्या घरात मात्र शिगेयोची वाटी चाटूनपुसून रिकामी होती. शिगेयोला आयुष्यात कधी वाट बघता आली नाही, ना नवऱ्याची, ना जेवणाची. ती ओट्याला धरून उभी होती आणि तिचे ओठ निळे पडले होते.

"मेलं तोंड पोळल्यासारखं होतंय गं," ती म्हणाली आणि खाली बसली.

शिगेयो वाचली. दवाखान्यातल्या खाटेवर ती वाळलेल्या चिंधीसारखी पडली होती, तोमे शेजारी मान खाली घालून.

"तू कशाला माफी मागतेस?" शिगेयो म्हणाली. "मी पानं उलटून बघायला हवी होती. पण किसाबुरोची जुडी कोण उलटून बघतं? त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखंच ते."

"आता बघत जा."

"आता?" शिगेयोनं डोळे मिटले. "आता मेलं मुळ्याचं लोणचंच बरं."

वरच्या घरचा मात्सुगोरो वाडीचा मुख्य. तो हातात टोपी घेऊन आला, ओट्याच्या कडेवर बसला आणि बराच वेळ टोपीच फिरवत राहिला. "वहिनी, दादांना घरात बसवा. दर वेळी दवाखान्याची गाडी वेळेवर येईलच असं नाही."

"बसवते," तोमे म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिनं किसाबुरोला समोर बसवून सगळं सांगितलं. शिगेयोच्या पोटात बाइकेइ गेलं, मरतामरता वाचली. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. चेहरा लाल झाला.

"कुणी दिलं तिला?" तो म्हणाला. "असल्या आंधळ्या माणसाला डोंगरात पाठवतातच कशाला! त्याच्या घरात कुणी विचारणारं नाही?"

तोमेनं कोयता लपवला. तो हातांनी खुडून आला, बोटं चिरून घेऊन. तिनं कोयता परत दिला आणि रबरी बूट लपवले. तो तिच्या स्वयंपाकघरातल्या सपाता घालून गेला आणि एकच घेऊन परत आला. मग तिनं दाराला आतून खीळ घातली. तो भांडला नाही. टोपली पाठीला लावून दाराशी बसला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं विचारत राहिला, "अहो बाई, दार उघडता का? मंडळी वाट बघत असतील." सगळी सकाळ तो तेच विचारत राहिला. शेवटी तिनंच उघडलं. रडणाऱ्याला आवरता येतं, ओरडणाऱ्यावर ओरडता येतं. इतक्या गोड विचारणाऱ्याचं करायचं काय?

मग ती त्याच्याबरोबर निघाली. म्हटलं, तो कापेल, मी निवडेन. देवीला काय सांगायचं ते नंतर बघू. पायवाट चढून दोघं जिझोच्या, वाटसरूंना राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी आले. दगडाला कुणीतरी लाल टोपडं विणून घातलेलं, पावसानं फिक्कं पडलेलं. किसाबुरो थांबला.

"इथून पुढं बायका येत नाहीत," तो म्हणाला.

"मी कोण, सांगा बरं."

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "गिरणीवाल्यांपैकी का?"

"मी तोमे."

"चांगलं नाव आहे," तो म्हणाला.

"आणि मी आले पुढं, तर?"

"तर मी नाही जाणार." आणि तो खरंच खाली बसला. ऊन चढलं, त्याच्या टोपीवर माशा बसायला लागल्या, तरी हलेना. शेवटी तीच चार पावलं मागं गेली. तेव्हा तो उठला, तिला मान लववली आणि झाडीत शिरला.

बायकोचं नाव विसरला. तिला कुठं थांबवायचं, ते मात्र पक्कं लक्षात होतं.

तोमे दगडापाशी बसून राहिली. तिथून पुढची वाट तिनं जन्मात पाहिली नव्हती. तो पडला, घसरला, ओढ्यात गेला, तर कुणाला कुठं शोधायला पाठवायचं तेही तिला सांगता आलं नसतं. जागा ठाऊक असलेला सासरा मातीत होता आणि दुसरा हा. मुलाला, नोबुहारुला, किसाबुरोनं एकदा दाखवायचं म्हटलं होतं. तेव्हा नोबुहारुला शाळेची परीक्षा होती, नंतर नोकरी. ते राहूनच गेलं.

तो आला. पाठीवर टोपली भरलेली, जुड्या बांधलेल्या, टोकं एका रेषेत, तो कायम बांधायचा तशाच. तोमेनं टोपलीकडं हात नेला तर त्यानं एवढ्या जोरानं पाठ फिरवली की ती पडता पडता राहिली.

तेव्हा शिगेयोनं उपाय काढला. ती नुकती हिंडायफिरायला लागली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा तिच्याही आधी बरा झाला होता.

"तो पुढून देईल, मी घेईन," ती म्हणाली. "तू मागच्या दारानं ये, ती घेऊन जा. आणि रिकाम्या हातानं येऊ नकोस गं. त्या तुझ्या दुलईतल्या उरुईची जुडी दे मला. विष खायचं आणि वर भाजीही नाही, असं कुठं असतं?"

मात्सुगोरोला सांगितलं. त्यानं टोपी आणखी एकदा फिरवली आणि हो म्हणाला. बहिऱ्या कोहेइला ओरडून सांगावं लागलं. ते किसाबुरो सोडून साऱ्या वाडीनं ऐकलं.

तशी ती रीत पडली. किसाबुरो पुढच्या दारात दोन्ही हातांनी जुडी द्यायचा. "ओहो! आली का? डोळे लागले होते," म्हणून लोक घ्यायचे. तो पुढं गेला की तोमे मागच्या दारी. एक द्यायची, एक घ्यायची. घरी येऊन परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्याच्या जुड्या पुरायची, वर चुना टाकायची. आणि संध्याकाळी त्याच्यापुढं स्वतःच्या वाफ्यातली उरुई वाढायची. तो खायचा आणि म्हणायचा, "डोंगरातली ती डोंगरातली." ती म्हणायची, "हो ना."

लोक तोमेचं कौतुक करायला लागले. तिला ते डाचायचं. ती काही सावरत नव्हती, नुसती मागून झाडत चालली होती. पुढच्या वसंतात टोपलीत घड्याघड्यांची पानं वाढली, त्याच्या पुढच्या वसंतात आणखी. जिझोपाशी थांबायचा वेळ लांबत गेला. एकदा तो वाटेतच तिच्याजवळ थांबला, टोपली उतरवली आणि तिच्यापुढं जुडी धरली.

"घ्या बाई. आमच्या घरी परसात लावतात, त्याला काही चव नाही. ही खाऊन बघा."

"तुमच्या घरी कोण लावतं?"

तो आठवत राहिला. "आहे एक," तो म्हणाला. "कष्टाळू आहे."

तिनं दोन्ही हातांनी जुडी घेतली. सबंध जुडी बाइकेइची होती.

त्या हिवाळ्यात नोबुहारुचा फोन आला. सेन्दाईजवळच्या म्हाताऱ्यांच्या घरात बाबांसाठी जागा झाली होती. "आई, असं किती दिवस चालणार? कुणी मेलं म्हणजे?" नको म्हणावं तर वाडीचा जीव, हो म्हणावं तर याचा. तोमे फोनची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग नोबुहारुनंच ठरवलं. वसंतात, रस्ता मोकळा झाला की. ती हो म्हणाली का, हे तिला नंतर आठवेना. बहुतेक नुसतीच गप्प राहिली असेल, आणि शहरात गप्प राहण्यालाही हो म्हणत असतील.

गाडी आली त्या सकाळी किसाबुरो घरात नव्हता.

"आई, आज तरी अडवायचंस!" नोबुहारु ओट्यावर येरझारा घालत म्हणाला.

"तुम्ही अडवणार आहात ना आता," तोमे म्हणाली. "जन्मभर."

चिहारुनं सासऱ्याचे कपडे पेटीत भरले. तोमे वाफ्याकडं गेली. तुसातून कोंब निघाले होते, नुकतेच, अजून दोन दिवस थांबले असते तर बरं होतं. तिनं ते तसेच कापले आणि जुड्या बांधल्या. टोकं तिला कधी त्याच्यासारखी एका रेषेत जमली नाहीत. मग एप्रन लावून ती जिझोच्या दगडापाशी जाऊन बसली.

तो आला. टोपली काठोकाठ. तोमेनं लांबूनच पाहिलं. त्यात उरुईचं एकही पान नव्हतं.

"चांगली मिळाली?" तिनं विचारलं.

"यंदा देवीनं भरभरून दिलं," किसाबुरो म्हणाला.

वरच्या घरी मात्सुगोरो टोपी काढून बाहेर आला. "वा, दादा! यंदा लवकर!" दोन्ही हातांनी घेतलं त्यानं, खाली वाकून. तोमे मागच्या दारी गेली तर तो तिच्याकडं बघेना. जुडी उंबऱ्यावर ठेवलेली होती. तिनं उचलली, आपली ठेवली.

गिरणीच्या घरात शिगेयो दारातच उभी होती. "एवढीच? म्हातारा झालास तशी मूठ आवळलीस होय रे?"

"डोंगर देईल तेवढं."

"डोंगराला सांग, शिगेयो अजून मेली नाही म्हणावं," ती म्हणाली, आणि मागच्या दारी तोमेच्या हातात ती जुडी दिली. वर मुळ्याच्या लोणच्याची पुडी तिच्या एप्रनमध्ये कोंबली. "वाटेत खायला दे त्याला," म्हणाली.

शेवटचं घर कोहेइचं. किसाबुरोनं जुडी पुढं केली, कोहेइनं घेतली, दोघांनी एकमेकांना मान लववली. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला फार बोलायचं नव्हतं, त्यामुळं त्यांचं कायमच छान जमायचं. किसाबुरो पाटाकडं वळला.

तोमे मागून आली आणि आपली जुडी पुढं केली. कोहेइनं दोन्ही जुड्या शेजारी शेजारी धरल्या आणि डोळे बारीक केले.

"यातली तुझी कुठली?" तो ओरडला. "नीट बघून सांग हं! मला आता सगळं सारखंच दिसतं!"

तोमेनं पानं उलटून पाहिली. मग किसाबुरोची जुडी काढून एप्रनमध्ये टाकली आणि आपली त्याच्या हातात ठेवली.

"ही!" ती ओरडली. "कोवळी आहे, फार उकळू नका!"

खाली पाटाशी किसाबुरो उकिडवा बसला होता. त्यानं कोयता पाण्यात धरून धुतला, गवतावर दोन्ही बाजूंनी पुसला आणि उद्यासाठी धार अंगठ्यानं तपासून पाहिली.